काहिलीतलं आरमार

एक जप्ती झाली की माणूस चिडतो, दहा झाल्या की किस्से सांगायला लागतो. आमच्या गावाचं तसंच झालं. जाफराबादच्या खालच्या अंगाला पूर्णेच्या या काठावर निजामाचं राज्य, त्या काठावर वऱ्हाड. गाव इकडे आणि मसणवटा तिकडे! इतकी वर्षं त्यात कुणाला काही वाटलं नव्हतं.

यंदा निजाम आणि हिंदुस्थानच्या भांडणात हैदराबादचं कॉलेज बंद पडलं म्हणून मी घरी आले, तर नदीवर पहारा बसलेला आणि काकू अंथरुणाला खिळलेली. तिचं एकच मागणं. "माझी दोन्ही लेकरं तिकडं पुरलीत. मलाबी तिथंच न्या."

काका गावचे पाटील. ते म्हणायचे, "नेऊ की. सरकारला इचारून नेऊ."

*

पहारा आला, पण होडी आली नाही! मग पहाऱ्यावरच्या जमादारानं आमची गूळ करायची काहील उचलली. पुरात आम्ही काहिलीतूनच नदी उतरतो, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं. तिला सरकारी झेंडा बांधून तो बंदूक रोखून मधोमध उभा राहिला.

काहिलीला ना नाक, ना शेपूट. पाण्यात ती गरगर फिरते. बंदूक घडीत वऱ्हाडावर, घडीत त्याच्याच चौकीवर! चौकीतले शिपाई पटापट आडवे झाले.

"जमादारसाहेब, बसून चालवा!" मी काठावरून ओरडले.

काकांनी माझाच हात ओढला. "गप! सरहद राखून राह्यलेत ते."

*

धुता धुता सखूमावशीचं लुगडं वाहत पलीकडे गेलं. तिकडच्या बाईनं ते पिळून, दगड बांधून परत फेकलं. जमादारानं तिथल्या तिथं जप्त केलं.

"परदेस का माल है!"

"अरे, माझं नेसायचं हाय ते!"

"गया तब तुम्हारा था."

काका म्हणाले, "सखू, दुसरं नेस."

*

आमच्याकडे पाठीला वाळका भोपळा बांधून पोहतात. एका सकाळी हुकूम आला, गावातले झाडून सगळे भोपळे चौकीत आणा. गावचे म्हातारे मुकाट रांगेत! भजनीबुवांची वीणासुद्धा गेली. तिलाही भोपळाच असतो ना!

"बुवा, तुम्ही दिलीत?" मी थक्कच झाले.

"काय करू, माय? टाकून पाह्यली त्यांनी पाण्यात. तरंगली."

*

श्रावणात काकू गेली. काठावर तिरडी ठेवून काका जमादारापुढं हात जोडून उभे राहिले. जमादारानं टोपी काढली.

"मय्यत को मनाही नहीं, पाटील. काहील भी ले जाओ. लेकिन कोई मर्द पार नहीं जाएगा. ऊपर का हुकूम है."

"मंग अग्नी कोण देणार?"

जमादारानं टोपी परत डोक्यावर चढवली.

तिरडी काहिलीत ठेवली गेली. गावातले सगळे कर्ते पुरुष तिथं होते. मी पदर खोचला, विस्तवाचं मडकं उचललं आणि काहिलीत पाय टाकला. मागून सखूमावशी चढली.

तेव्हा काका गरजले. पहारा बसल्यापासून पहिल्यांदा!

"जमादारसाहेब, बघता काय? बंदूक रोखा! बाईमाणूस मसणात जाऊन राह्यली!"