बागेचं पान शेवटी

त्या फाइलवर माझा अजून राग आहे. २००५ च्या ऑक्टोबरात आम्ही अमेरिकेतल्या आमच्या बॉथेलहून डोंगरापलीकडच्या एका खेड्यात दोन रात्रींसाठी केबिन घेतली होती. गावात काय मिळतं, आसपास काय बघावं, हे सांगणारी एक फाइल मालकिणीने टेबलावर ठेवली होती. प्रत्येक ठिकाण ‘पाच मिनिटांवर’. कोणाच्या पाच मिनिटांवर, ते लिहिलं नव्हतं.

ट्रिप होती आईसाठी. सहा महिने आमच्याकडे राहून ती गुरुवारी नागपूरला परत निघणार होती. तिने एकच गोष्ट मागितली होती. "संत्री आयुष्यभर झाडावर पाहिली रे. एकदा सफरचंद आपल्या हाताने तोडायचंय." फाइलीच्या अगदी शेवटच्या पानावर तशी बाग होती.

शहाणा माणूस शनिवारी सकाळी सरळ बागेत गेला असता. मी ‘इतक्या लांब आलोच आहोत तर’ या आपल्या धर्माला जागलो आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. चांगली गोष्ट शेवटी. त्याआधी अर्थात पोहे, कारण कढई घरून आणली होती. मग दुपारच्या डब्याच्या पोळ्या. निघायला साडेअकरा वाजले.

बेकरीतलं सगळं दहालाच संपलेलं. छोट्या रेल्वेच्या म्युझियमला कुलूप, फक्त उन्हाळ्यात उघडं. हे लिहायला फाइलीत जागा नव्हती का? धबधब्याची ‘सोपी पायवाट’ आईच्या गुडघ्यांना सव्वा तास पुरली, आणि धबधबा आमच्या शॉवरपेक्षा जरासा बरा. बायको म्हणाली, आता तरी बागेकडे वळव. मी म्हटलं, एक लाकडी पूल तेवढा राहिलाय.

बागेत पोचलो चार वाजून दहा मिनिटांनी. एक बाई फाटकाला साखळी लावत होती. तोडणी चारपर्यंतच. मी फाइलीतून काढून आणलेलं पान तिच्यापुढे नाचवलं, यात पाच लिहिलंय म्हणून. पान जुनं आहे, उद्या नऊला या, असं ती शांतपणे म्हणाली. मी आवाज चढवला तशी नऊ वर्षांची मुलगी गाडीतून म्हणाली, "बाबा, स्टॉप. धिस इज सो एम्बॅरसिंग."

परतताना मी फाइलीला, मालकिणीला आणि एकूणच अमेरिकेला नावं ठेवत होतो. आई खिडकीबाहेर बघत होती. मध्येच म्हणाली, "पूल कोणाला बघायचा होता रे?"



रविवारी पोहे झाले नाहीत. परतीच्या वाटेवरचं धरण मी स्वतःहून कॅन्सल केलं. साडेआठपासून आम्ही फाटकासमोर गाडीत चिवडा खात बसलो. बाई आली, साखळी काढली आणि माझ्याकडे न बघता आईला हाताने आत बोलावलं. आईने पदर खोचला, टाचा उंचावल्या, एक सफरचंद पिरगाळून तोडलं आणि तिथेच उभ्याउभ्या खाल्लं. घरी द्राक्षं तीनदा धुणारी बाई.

आठवड्याने मालकिणीची ईमेल आली. फाइलीतलं एक पान गायब आहे, तुमच्याकडे चुकून आलंय का? चुकून! परत पाठवायला पाकिटात घालण्याआधी मी त्या पानावरची वेळ दुरुस्त केली आणि खाली ठळक लिहिलं: हे पान सगळ्यात आधी लावा.