हापशासाठी बाप्तिस्मा

चुडाव्याच्या तात्यारावांचं कोणत्याच देवाशी वाकडं नव्हतं. देवानं वेळेवर काहीतरी द्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. दर्ग्याच्या कंदुरीला ते पहिल्या पंगतीत, मारुतीच्या भंडाऱ्यालाही पहिल्याच. नामांतराच्या भांडणानं गाव दुभंगलं, तेव्हासुद्धा ते दोन्हीकडचा चहा पिऊन आले होते.

अशा माणसाच्या कानावर आलं की, स्टेशनजवळच्या खोलीत प्रार्थना घेणारे मिशनवाले दुष्काळात हापसा बसवून देणार आहेत. झालं! तात्यारावांना येशूची ओढ लागली. बायको मनकर्णा तुळशीपाशी बसून रडली.

"रडायलीस काय? दारात पाणी येईल, म्हशी वाचतील," असं दटावून त्यांनी तिला नदीतल्या उरल्यासुरल्या डोहावर नेलं आणि दोघांनी बाप्तिस्मा घेतला. त्या साली पोळ्याच्या तोरणाखाली त्यांनी बैल नेले नाहीत. 'बैल काय देव असतो का?' हे पारावर बसून साऱ्या गावाला समजावलं. प्रार्थनेत साक्ष देताना तर प्रभूनं कंबर बरी केली म्हणून उडी मारून दाखवली आणि मग घरी शेक घेत पडून राहिले.

मिशनचं यंत्र आलं. हापसा बसला तो दलित वस्तीत, कारण तिथल्या बायांना गावच्या विहिरीवर कोणी चढू देत नव्हतं. तात्यारावांची कंबर पुन्हा धरली. रविवारी ते मारुतीपुढे नारळ घेऊन हजर!

मनकर्णा मात्र प्रार्थनेलाच गेली. बाप्तिस्म्याला जाताना रडलेली बाई आता गुणगुणत जायची. कुणीतरी आपल्यासाठी फुकट जीव दिला, ही गोष्ट तिच्या मनात घर करून बसली होती. फुकट काही देणारा माणूस तिनं संसारात पाहिलाच नव्हता.

पुढचा पोळा आला. पंचांनी बजावलं, घरच्या बाईनं बैल ओवाळले तरच तोरणाखाली घेऊ. तात्याराव घरी येऊन कडाडले, "बैलं ओवाळ, न्हाईतर निघ माहेरी!"

मनकर्णानं बैल धुतले, शिंगं रंगवली, पुरणाच्या पोळ्या केल्या. लुगड्यांचं गाठोडं बांधून ओसरीवर ठेवलं आणि मग बोलली, "बैलं आपल्यासाठी लय राबलेत. पोळी म्या माझ्या हातानं चारते. ओवाळणार न्हाई."

"तुला काय भेटलं गं तिथं, इतकं चिकटून बसायला? हापसा तर वस्तीत गेला!"

"मला कुठं हापसा पायजे होता?"

गाठोड्याकडे बघून तात्यारावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हशी कोण पिळणार? भाकरी कोण थापणार? गाठोडं त्यांनी स्वतःच उचलून आत नेलं, डोक्यावरून उपरणं घेतलं आणि बाईच्या जागी आपणच ताट धरून बैल ओवाळले. गाव पोट धरून हसलं, पण बैल तोरणाखालून गेले.

त्या बाईचं मला फार कौतुक वाटतं, आणि गावाची कीव येते. गावची विहीर केव्हाच आटली होती. बैल धुतले ते पाणी मनकर्णानं पहाटे वस्तीतल्या हापशावरून डोक्यावर वाहून आणलं होतं. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं. पण त्या पाण्यानं ना बैल बाटले, ना तोरण.