नवरीचा मेकअप आणि बंद पडलेला एसी

मैत्रिणींनो, आज मी एसी दुरुस्त केला! हो, मीच!

कुडव्यातल्या माझ्या पार्लरमध्ये दुपारी नवरीचा मेकअप चालू होता आणि चाकांवरचा मोठा पोर्टेबल एसी थंड हवाच देईना. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "आज नाही जमणार."

नवरी रडकुंडीला आली. "ताई, मेकअप उतरून राहिला ना!"

मी प्लग काढून मागची जाळी उघडली. फिल्टरवर केस आणि पावडरचा जाड थर!

"तुले जमते का व हे?" नवरीच्या आईनं विचारलं.

"पाहू ना काकू."

फिल्टर धुतला, पंख्याखाली वाळवला, परत बसवला. बटण दाबताच थंडगार हवा! नवरीनं टाळ्याच वाजवल्या.

जाताना काकू म्हणाल्या, "आमचा कूलरबी पाहून दे ना."

तुम्ही कोणतं मशीन स्वतः उघडलंय? सांगा!