मुंडाशांचा पांढरा

चाकणच्या भुईकोटाच्या तटाखाली विसावलेली जुन्या काळची पायदळाची तुकडी, एवढंच माझं चित्र. पण त्यापायी सगळा उन्हाळा गेला. रंग जुन्या पद्धतीनंच करायचे हा हट्ट माझाच, मग तक्रार कुणाकडे करणार? काव खलात घोटली, बाभळीचा डिंक भिजवून फडक्यातून गाळला, त्यात मधाचा थेंब घातला. जाड हातकागद ओला करून पाटावर ताणला. सासूबाई म्हणायच्या, एवढ्या मेहनतीत वर्षाचं लोणचं झालं असतं.

जलरंगात पांढरा लावायचा नसतो, राखायचा असतो. शिपायांची मुंडाशी म्हणजे नुसता कोरा कागद. आणि आमच्या तळवड्यात कागद कोरा राखणं म्हणजे डोक्याला ताप. शेजारच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये लोखंड घासायचा ग्राइंडर सुरू झाला की खिडकी बंद असली तरी काळी पूड घरात. रोज जेवताना मी त्या धुळीच्या नावानं बोटं मोडायची. शहरातल्या प्रदर्शनासाठी माझं चित्र पहिल्यांदाच निवडलं गेलं होतं, आणि सोमवारी सकाळी ते पोचवायचं होतं.

रविवारी मंडईतून आले तर पाट रिकामा. माझे धाकटे दीर मोटारींच्या कंपनीत पेंट शॉपला आहेत. चित्र तेच घेऊन गेले होते, गॅरेजवाल्या मित्राकडे. संध्याकाळी दोन्ही हातांवर धरून त्यांनी ते परत आणलं. चित्र चकाकत होतं. गाडीवर सगळ्यात शेवटी मारतात तो क्लिअर कोट त्यांनी त्यावर मारला होता.

"वहिनी, आता किती बी धूळ येऊ द्या," ते म्हणाले. "धा वर्सं काय व्हत न्हाई."

कोट कागदात पार मुरला होता. मुंडाशी भज्यांच्या कागदासारखी तेलकट, पिवळट झाली होती. मला रडू आलं नाही, संताप आला. तो काढायचा तरी कुणावर? आठवड्याची एकुलती सुट्टी माझ्यासाठी घालवून हा माणूस घामाघूम उभा होता.

मी चित्र भिंतीला टेकवलं, कुंचला पाण्यात बुडवला आणि एका मुंडाशावर टेकवला. वाटलं, थोडं तरी धुऊन निघेल. पाणी पसरलंच नाही. त्याचा थेंब झाला आणि शिपायाच्या तोंडावरून खाली घरंगळला.

भाऊजी माझ्या मागून वाकून बघत होते.

"बघा," ते समाधानानं म्हणाले, "पानी बी आत जात न्हाई."