चिठ्ठीत माझं नाव आलं

त्या वर्षी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला आणि नेमकं तेव्हाच माझं प्रार्थनेवरून मन उडालं. भस्माच्या बुधवारी उपासना आटपून येताना धायरीच्या स्टॉपवर पाय घसरला आणि दोन्ही मनगटं मोडली. मी निवृत्त नर्स. आयुष्यभर परक्या माणसांना न्हाऊमाखू घातलं, घास भरवले. आता एकटी राहत असताना देवाने माझेच हात निकामी करावेत? हा कुठला न्याय, हेच मनात घोळत होतं.

चर्चच्या मंडळीत कुणालाही कळवलं नाही. कुणाकडून काही घ्यायची मला लाज वाटायची. शेजारीण सकाळी चहा पाजून, दार नुसतं लोटून कामाला जायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तहानेने जीव कासावीस झाला. दोन्ही प्लास्टरांच्या मध्ये पेला धरायला गेले, तो निसटून फुटला. काचांकडे बघत मी म्हणाले, "प्रभू, तुला दिसत असेल तर आता तूच काय ते कर." ती प्रार्थना नव्हतीच, राग होता.

थोड्या वेळाने दार ढकलून एस्तेरबाई आत आल्या. येरवड्याला राहणाऱ्या, चार घरी पोळ्या करणाऱ्या, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणाऱ्या. इतक्या वर्षांत 'कशा आहात' यापलीकडे मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

"अगं बाई! सिस्टर, हे काय झालं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही हो. चर्चच्या पाळकसाहेबांनी बुधवारी नावांच्या चिठ्ठ्या वाटल्या ना, उपवासकाळभर एकेकासाठी प्रार्थना करायला? मला तुमची आली. म्हटलं, माणसाला बघितल्याशिवाय त्याच्यासाठी मागायचं तरी काय? म्हणून आले दोन बस बदलून."

त्यांनी काचा गोळा केल्या, पाणी आणलं. मी सवयीने म्हणाले, "राहू द्या, माझं मी बघते."

"कशाने बघता?" त्या म्हणाल्या. "आयुष्यभर दिलंत. आता जरा घ्या की."

मी प्यायले. पाण्याबरोबर डोळ्यांतलंही वाहत होतं.

एस्तेरबाईंनी सगळ्यांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून मंडळीतलं कुणी ना कुणी रोज येऊ लागलं. शाळेतल्या बाई वेणी घालून जायच्या. निवृत्त पोस्टमनकाकांनी डाळ करपवली, तीही मी मिटक्या मारत खाल्ली. जाताना प्रत्येक जण माझ्याजवळ बसून प्रार्थना करायचा, आणि हळूहळू माझेही ओठ हलू लागले. ईस्टरच्या आदल्या पवित्र गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, एकमेकांचे पाय धुण्याचा विधी होता. दरवर्षी मी टॉवेल धरून बाजूला उभी राहायची. त्या दिवशी स्वतः खुर्चीत जाऊन बसले. एस्तेरबाई खाली वाकल्या तेव्हा पाय मागे घ्यावासा वाटला, पण घेतला नाही. शरण जाणं म्हणजे काय, हे इतके उपदेश ऐकून कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं. देताना आपण उंच असतो. घेताना प्रभूच्या जवळ असतो.

ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा सण, झाल्यावर प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "एकट्याच राहता ना? मग इतके दिवस सगळं केलं कुणी?"

बाहेर बाकावर एस्तेरबाई थांबल्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून मी ताठ मानेने म्हणाले, "एकटी कुठे, डॉक्टर? ही माझी बहीण. आणि आमचं घर फार मोठं आहे."

त्याची कृपा, दुसरं काय म्हणू?