कोठाराच्या वहीबाहेरची सतरा घरं

पारनेरच्या माळावरच्या आमच्या गावात अर्थशास्त्राची डॉक्टर एकच, शुभांगी. मी तिचा चौथीपर्यंतचा मास्तर, त्यामुळे तिच्या हुशारीचं अर्धं श्रेय मी गावभर स्वतःच घेऊन टाकलेलं. आईबाप लवकर गेले. बौद्धवस्तीतल्या आक्काबाई चुलतीनं लोकांच्या रानात खुरपून तिला शिकवलं. आता ती पुण्यात हंगामी शिकवते आणि जुन्या देवस्थानांनी गावाचं अर्थकारण कसं सांभाळलं, याचा शोध घेते.

आमच्या भैरोबाच्या देवळात पूर्वी धान्याचं कोठार होतं. सुगीला देवाच्या वाट्याची बाजरी टाकायची, दुष्काळात ती वाटायची. बहात्तर सालच्या वाटपाची वही ट्रस्टींच्या हातापाया पडून मीच तिला मिळवून दिली. त्यावरून तिनं निबंध लिहिला की, देवाच्या कोठारामुळे गाव तगलं. गावातली घरं आणि वहीतली नावं मोजली, तर सतरा घरांनी धान्य उचललं नव्हतं. त्यांच्याकडे पुरेसं असणार, असं तिनं धरलं. घरांचे एकदा आकडे केले की ती कुणाची, हे कोण बघतो? मी निबंध दोनदा वाचला आणि शाबासकी दिली. त्याच्यावर तिची कायमची नोकरी ठरणार होती.

मागच्या महिन्यात तिनं तो आक्काबाईला समजावून सांगितला. मीही तिथंच होतो. आक्काबाई शेंगा फोडत ऐकत होती.

"त्या वहीत आमचं नाव न्हाई?"

"नाही. म्हणजे आपल्या घरात धान्य होतं ना?"

"कुटलं धान्य? आमाला देवळाच्या पायरीला बी येऊ देत न्हवते. चिंचोके उकडून खाल्ले आमी."

शुभांगीनं वहीतली नावं पुन्हा तपासली. सतराही घरं तिच्याच वस्तीतली. एवढं शिकून तिला ते दिसलं नाही, आणि मला तर दिसायलाच हवं होतं. तरी मी शहाणपण शिकवायला गेलो.

"मुलाखत आठवड्यावर आलीय. आधी नोकरी पदरात पाडून घे, दुरुस्ती मग कर."

"मग कुणी करत नाही, गुरुजी," ती म्हणाली. "पन्नास वर्षांत कुणी केली?"

मला राग आला. तिनं निबंध मागे घेतला. नोकरी दुसऱ्याला लागली.

काल ती त्या सतरा घरांची माहिती लिहून घ्यायला आक्काबाईपुढे बसली. मलाही बोलावलं होतं.

"तुमच्या घरी किती बाजरी मिळायची, गुरुजी?"

"आठवड्याला दोन पायल्या," मी खाली बघत म्हणालो.

आक्काबाईनं विचारलं, "तवा किती वर्षाचे हुता तुमी?"

"सहा."

"आमचा पोरगा सुनील बी सहाचाच हुता. लिव, शुभे. चिंचोके खाऊन हगवण लागली, आठ दिसांत गेला."

शुभांगीनं लिहिलं. जन्म याच गावात काढून मी त्या पोराचं नाव पहिल्यांदा ऐकत होतो.