गीझर बाथरूमच्या बाहेरच!

गॅस गीझर बसवणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. लोक आपल्याला थेट बाथरूमपर्यंत नेतात, आणि तिथे पोचल्यावर घरातलं फार काही झाकून राहत नाही! सुदामभाऊ आणि मी, दोघं मिळून पंधरा वर्षं नंदुरबार जिल्ह्यात हेच काम करतोय. आमचा हट्ट एकच : गीझर आणि सिलिंडर, दोन्ही बाथरूमच्या बाहेर. बंद जागेत गॅस जळला की विषारी हवा तयार होते आणि तिला वासही नसतो. एवढं सांगितलं की झालंच, वाद सुरू!

*

नंदुरबारच्या एका निवृत्त गुरुजींना चोरीची धास्ती. "बाहेर लावला तर कुणीतरी उचलून नेईल!"

आम्ही बाहेरच लावला. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी त्याला लोखंडी जाळी करून घेतली, वर कुलूप. चार दिवसांनी फोन, "गीझर चालू होत नाही."

गेलो. गीझर ठणठणीत, फक्त कुलपाआड. "गुरुजी, चावी?"

"हिच्याकडे. आणि ही माहेरी गेलीय, रागावून."

"मग फोन काकूंना करायचा, मला कशाला केलात?"

"तुझ्याशी माझं भांडण नाही ना झालेलं!"

*

शहाद्याकडच्या एका गावात आजी एकट्याच. गीझर मुलाने सुरतेहून फोन करून सांगितलेला. जोडणी झाली की आम्ही सांध्यांवर साबणाचा फेस लावतो. बुडबुडे आले म्हणजे गॅस गळतोय.

सुदामभाऊ म्हणाले, "आजी, वाटीत जरा साबणाचं पाणी द्या."

आजी गेल्या त्या गेल्याच. बऱ्याच वेळाने आल्या, त्या वाफाळती बादली, टॉवेल आणि नवीकोरी साबणाची वडी घेऊन! पाणी चुलीवर तापवलेलं.

सुदामभाऊंच्या धिप्पाड अंगाकडे बघत म्हणाल्या, "इतला मोठा मानूस तू! वाटीभर पानीमा तुन्हं काय व्हई, भाऊ?"

*

तळोद्याच्या एका क्लार्कसाहेबांचा गीझर पेटेना. पाण्याची टाकी पुरेशा उंचीवर नव्हती, त्यामुळे पाण्याला जोरच नव्हता. मी म्हटलं, "टाकी वर चढवावी लागेल."

साहेबांनी विचार केला. "टाकी वर न्या किंवा गीझर खाली आणा, एकच ना?"

लॉजिक बरोबर होतं! मागच्या ओसरीतला गीझर आम्ही गुडघ्याएवढा खाली आणला. लगेच पेटला. आता घरातला प्रत्येकजण अंघोळीआधी त्याच्यापुढे गुडघे टेकतो. साहेबांचे वडील तर हातही जोडतात!

*

नवापूरचे एक पोल्ट्रीवाले. थंडी येते म्हणून त्यांनी बाथरूमची खिडकी विटांनी बुजवलेली. मी म्हटलं, "शेठ, गीझर बाहेर असला तरी आत हवा खेळायला हवी. तुमच्या शेडला बघा, चारी बाजूंनी जाळी!"

"अरे, त्या तर कोंबड्या! गुदमरी मरन्यात तर मन्हं नुकसान शे!"

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि शेठकडे एकदा बघितलं. आमचा चहा संपायच्या आत गवंडी आला होता!

*

आणि हा शेवटचा, आमच्या शेजारच्या गल्लीतला.

मथुराबाई आणि त्यांची सून वैशाली. वैशाली शाळेत शिक्षिका. त्यांच्याकडचा गीझर दुसऱ्याच कुणीतरी बसवलेला, बाथरूमच्या आत. मथुराबाईंची सवय अशी की सून अंघोळीला गेली तरी दाराबाहेरून त्यांचं बोलणं चालूच. ती आतून हं हं करायची.

जानेवारीतल्या एका सकाळी हं आलंच नाही.

"वैशाली! वैशाली वं!" आत नुसतं पाणी पडतंय. मथुराबाईंनी मुसळ उचललं आणि कडी तोडली. वैशाली खाली पडलेली. साठी उलटलेल्या त्या बाईने सुनेला एकटीने ओढत अंगणात आणलं. मोकळी हवा लागली, शेजारी धावले, दवाखाना गाठला. वैशाली वाचली.

ती घरी आल्यावर आम्हाला बोलावणं आलं. गीझर काढून बाहेरच्या भिंतीवर लावला, झरोका पाडला, नवी नळी घातली. मथुराबाई शेजारी बसून बघत होत्या. फेस लावला तेव्हा प्रत्येक सांधा त्यांनी चष्मा पुसून तपासला.

सुदामभाऊ म्हणाले, "मावशी, आता काळजी सोडा."

मथुराबाई उठल्या. खुर्ची आणली आणि बाथरूमच्या दाराला लावून बसल्या. वैशाली आत गेली.

"वैशाली, बोलत ऱ्हाय!"

"काय बोलू, आई?"

"काही बी बोल. पाढा म्हन!"

आतून पाण्याच्या आवाजात ऐकू आलं, "बे एके बे, बे दुणे चार..."

मथुराबाईंनी दारावर थाप मारली.

"बेना पाढा नको! तो झोपमा बी येस. एकोणीसना म्हन!"